माउंटन स्नोमोबाइल घेताना काय बघायचं, ब्रँड की स्वतःचं शरीर?

गुलमर्ग किंवा मनालीला जाऊन आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी स्नोमोबाइलवर एक फेरी मारलेली असते. चालवणारा पुढे, आपण मागे आणि दहा मिनिटांत फोटोसकट कार्यक्रम संपतो. पण अमेरिका आणि कॅनडाच्या डोंगराळ भागात हेच वाहन लोकांचं वेड आहे. तिथे कुठल्याही पार्किंगमध्ये एक वाद हमखास रंगतो : कुणाचा ब्रँड भारी? पिवळी स्की-डू, हिरवी आर्क्टिक कॅट की पोलारिस?

हा वाद आला कुठून आणि मशीन घेताना तो कितपत कामाचा आहे, ते बघू.

माउंटन स्नोमोबाइल वेगळी कशी?

साधी स्नोमोबाइल दाबलेल्या, सपाट बर्फाच्या वाटेवर धावते. माउंटन मॉडेलला मात्र कंबरभर भुसभुशीत बर्फातून चढ चढायचा असतो. त्यामुळे तिचा मागचा रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, लांब असतो. १४६, १५४ आणि १६५ इंच ही त्यातली नेहमीची मापं. पट्ट्यावर अडीच ते तीन इंच उंचीचे दाते असतात आणि ते वल्ह्यासारखे बर्फ मागे ढकलतात. पुढच्या दोन स्कींमधलं अंतर कमी ठेवलेलं असतं, म्हणजे मशीन एका कडेवर कलवून उतारावर आडवी नेता येते. याला साइडहिलिंग म्हणतात आणि डोंगरात टिकायचं तर हे यावंच लागतं.

दोन ब्रँड, एकच संस्थापक

१९५४ मध्ये मिनेसोटातल्या रोसो या छोट्या गावात एडगर हेटीन, त्याचा भाऊ अॅलन आणि डेव्हिड जॉन्सन यांनी पोलारिस कंपनी सुरू केली. पुढे १९६० मध्ये एडगर बाहेर पडला आणि साधारण तासाभराच्या अंतरावरच्या थीफ रिव्हर फॉल्समध्ये त्याने नवा उद्योग उभारला. तीच आजची आर्क्टिक कॅट. म्हणजे ज्या दोन ब्रँडचे चाहते एकमेकांना टोमणे मारतात, त्या दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे! तिसरी स्की-डू ही कॅनडातल्या क्युबेकची. जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डिए यांनी ती १९५९ मध्ये बाजारात आणली.

लोक एकाच ब्रँडला का चिकटून राहतात?

यातली काही कारणं अगदी व्यवहारी आहेत. नवी मॉडेल्स बरेचदा वसंत ऋतूत बुक करावी लागतात आणि हातात येतात पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर. न चालवता मोठी रक्कम मोजायची, तर माणूस ओळखीच्या नावावरच विश्वास टाकतो. शिवाय ग्रुपमधल्या सगळ्यांकडे एकाच ब्रँडच्या मशीन असतील, तर डोंगरात बेल्ट तुटल्यावर कुणाचा तरी जादाचा बेल्ट बसण्याची शक्यता वाढते. जवळचा डीलर चांगला असेल, तर ते सगळ्यात मोठं कारण. ऐन हंगामात मशीन तीन आठवडे गॅरेजमध्ये पडून राहिली, तर हिवाळाच हातचा गेला म्हणून समजा.

पण निष्ठा एकतर्फीही ठरू शकते. यामाहाने २०२३ मध्ये जाहीर केलं, की उत्तर अमेरिकेत २०२५ च्या मॉडेलनंतर आपण हा धंदा बंद करणार. टेक्सट्रॉनने २०१७ मध्ये आर्क्टिक कॅट विकत घेतली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा दुसऱ्या हातात गेली. मधल्या काळात तिचं उत्पादनही थांबलं होतं. वर्षानुवर्षं एकच रंग मिरवणाऱ्यांसमोर अचानक सुटे भाग आणि सर्व्हिसचा प्रश्न उभा राहिला.

मग ‘फिट’ म्हणजे काय?

माउंटन स्नोमोबाइल बहुतेक वेळ उभ्यानेच चालवली जाते. त्यामुळे आधी हँडलबारची उंची बघा. पायपट्टीवर उभं राहून गुडघे किंचित वाकवल्यावर पाठीत वाकावं लागत असेल, तर बार कमी उंचीचा आहे. कोपर वर येत असतील, तर जास्त उंचीचा. रायझर बदलून हे दुरुस्त होतं. पण न बदलता तसंच चालवलं, तर दुपारपर्यंत पाठ बोलायला लागते.

दुसरी गोष्ट वजन. चालवणारा जड असेल किंवा बर्फ खूप खोल असेल, तर लांब ट्रॅक जास्त तरंगतो आणि चढावर साथ देतो. अंगाने हलक्या माणसाला मात्र १६५ इंची मशीन झाडांमधून वळवताना झुंजावं लागतं. त्याला १४६ किंवा १५४ इंची सोपी जाते. इंधन न भरताच या मशीनचं वजन २०० किलोच्या आसपास असतं. ती रुतली की ओढून काढणारे तुम्हीच. सस्पेन्शनही तुमच्या वजनाप्रमाणे लावून घ्यावं लागतं. अनेक जण हे करत नाहीत आणि दोष ब्रँडला देतात.

तिसरी गोष्ट स्वभाव. आर्क्टिक कॅटच्या अल्फा वन मॉडेलमध्ये मागच्या ट्रॅकखाली दोनऐवजी एकच रेल आहे, त्यामुळे ती पटकन कलते. स्की-डूच्या समिट मॉडेलमध्ये मागचं सस्पेन्शन थोडं बाजूला झुकू शकतं. पोलारिसची आरएमके चपळपणासाठी ओळखली जाते. एकाला जे चपळ वाटतं, तेच दुसऱ्याला अस्थिर वाटतं. दोघंही खरंच सांगत असतात, कारण त्यांची शरीरं आणि सवयी वेगळ्या असतात.

ताकद किती हवी?

उंचीवर हवा विरळ होते. साध्या इंजिनाची ताकद दर १००० फुटांमागे साधारण ३ टक्क्यांनी घटते. म्हणजे १६५ अश्वशक्तीचं ८५० सीसी इंजिन १०,००० फुटांवर जेमतेम ११५ च्या आसपास उरतं. टर्बो ही घट भरून काढतो, म्हणूनच त्याची एवढी चर्चा होते.

पण मशीन तुम्हाला जितक्या सहज उभ्या चढावर नेते, तितक्याच सहज हिमस्खलनाच्या टापूतही नेते. १३ मार्च २०१० रोजी कॅनडातल्या रेव्हलस्टोकजवळ बोल्डर माउंटनवर स्नोमोबाइलस्वारांचा मेळावा चालू असताना हिमकडा कोसळला. त्यात दोघांचा जीव गेला आणि अनेक जण जखमी झाले. गाडलेल्या माणसाला वाचवायला पहिली १० ते १५ मिनिटंच निर्णायक असतात. तेवढ्या वेळात मदतीला पोचू शकतात ते फक्त सोबतचेच.

घेण्याआधी एवढं करा

१. डेमो राइड मिळत असेल तर घ्या. नाहीतर मित्राची मशीन अर्धा दिवस मागा आणि सपाट भागात न थांबता उतारावर आडवी चालवून बघा.

२. दोन्ही बाजूंना कलवून बघा. डावीकडे जमतं आणि उजवीकडे नाही, असं बऱ्याच जणांचं होतं.

३. घरापासून डीलर किती लांब आहे आणि सुटे भाग किती दिवसांत मिळतात, ते विचारा.

४. नवशिके असाल तर ६०० किंवा ६५० सीसीच्या गटातली मशीन कमीपणाची समजू नका.

५. ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडं आणि हिमस्खलन प्रशिक्षण यांचे पैसे बजेटमधून आधी बाजूला काढा. उरलेल्या रकमेत जी मशीन अंगाला बसेल ती घ्या, मग तिचा रंग कोणताही असो.