वाटेवरील शेजारधर्म

अंबरनाथच्या शिवालयांत शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख मिळाला. महाशिवरात्रीस बुवापाडा आणि भोवतालच्या वस्त्यांतील आबालवृद्ध या देवळाची वाट धरतात. दमलेल्या मुलास शेजारणीनें कडेवर घ्यावें, म्हातारीस कोणीं हात द्यावा, एवढ्यानें एका दिवसाची यात्रा सुखाची होते. परंतु वाट जेव्हां तीन आठवड्यांची असते, तेव्हां नुसता सद्भाव पुरत नाहीं. त्यास शिस्तीची जोड लागते. ही जोड महाराष्ट्रास पंढरीच्या वारीनें दिली.

तुकाराममहाराजांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ मध्यें पालखी सोहळा सुरू केला. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत साताऱ्याकडील आरफळचे हैबतबाबा यांनीं आळंदीच्या पालखीची स्वतंत्र घडी बसविली. बेळगांव जिल्ह्यांतील अंकलीचे शितोळे सरदार यांनीं घोडे व इतर सरंजाम पुरविला.

या व्यवस्थेचें मर्म दिंडींत आहे. दिंडी म्हणजे चालतें-बोलतें कुटुंब. स्वयंपाक एकत्र, मुक्काम एकत्र, आणि रथापुढें किंवा रथामागें तिचा क्रमांक ठरलेला. त्यामुळें चुकलेल्या वारकऱ्यास गांवाचें नांव सांगण्याची गरज पडत नाहीं. दिंडीचा क्रमांक सांगितला कीं कोणीही त्यास पोंचवितो. मुक्कामावर समाजआरतीपूर्वीं चोपदार दंड उंच करतो आणि सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तेथें जाऊन गाऱ्हाणें ऐकतो. हरवल्या-सांपडल्याची वर्दीही येथेंच दिली जाते. सहस्रावधि लोकांत एका घराचें दुःख अशा रीतीनें सर्वांच्या कानीं पडतें.

तथापि या साह्यासही एक कुंपण होतें, हें श्रोत्यांनीं विसरूं नये. इरावतीबाई कर्वे यांनीं ‘वाटचाल’ या लेखांत त्याची खंत नोंदविली आहे: दिवसभर एका दिंडींत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवावयास मात्र निराळे बसत. अस्पृश्य मानलेल्यांस तर वाट मोकळी, पण विठ्ठलाचें दार बंद. त्या दारासाठीं साने गुरुजींनीं मे १९४७ मध्यें पंढरपुरांत दहा दिवस उपोषण केलें, आणि त्याच वर्षीं तें उघडलें.

वाटेंत दुसऱ्याचें ओझें उचलणें सोपें आहे, कारण मुक्काम आला कीं तें खालीं ठेवतां येतें. मुक्कामावर त्याच माणसास आपल्या पंक्तीस बसविणें अधिक कठीण. वारीची खरी कसोटी तेथेंच लागली.