पालवणकर बाळू

पुण्याहून साताऱ्यास जाणारा रस्ता कात्रजचा घाट उतरून भोरच्या मुलखातून जातो आणि नीरा ओलांडतो. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, त्याच्या अखेरच्या दशकात, पुण्याच्या हिंदू क्रिकेट संघाने साताऱ्यास जाऊन तेथील गोऱ्या साहेबांच्या जिमखान्याशी सामना खेळला. पाहुण्या संघातील एका डावखुऱ्या गोलंदाजाची धास्ती यजमानांस इतकी होती की, त्याचा चेंडू वळू नये म्हणून त्यांनी कित्येक दिवस आधीपासून खेळपट्टीवर रूळ फिरविला, असे सांगतात. तरीही त्या गोलंदाजाने सात गडी बाद केले. त्याचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात चाकरीस होते. पुण्यास पारशी खेळाडूंच्या मैदानावर झाडलोट करावयाची आणि रूळ ओढावयाचा, हे बाळूंचे पहिले काम; वेतन दरमहा तीन रुपये. पुढे साहेबांच्या पूना क्लबात एक रुपया वाढला. तेथे जाळे बांधता बांधता त्यांच्या हाती चेंडू आला आणि ग्रेगसारखा नामांकित फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास सराव करून घेऊ लागला. मात्र त्यांना फलंदाजी करू देण्याचे औदार्य त्या क्लबात कोणी दाखविले नाही.

स्वकीयांचे औदार्य किती होते? बाळूंस संघात घ्यावे की नाही, यावर पुण्यात बराच खल झाला. अखेर जिंकावयाचे तर बाळू हवेत, हे सर्वांस पटले. पण चहाच्या सुट्टीत इतर गडी आत बसावयाचे आणि बाळूंना बाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात चहा मिळावयाचा. त्याच हाताने टाकलेला चेंडू मात्र सर्वजण बिनदिक्कत झेलीत! न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचा जाहीर गौरव केला, तेव्हा पुण्याच्या समाजाची थोडी तरी लाज राखली गेली.

पुढे ते मुंबईस गेले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांस 109 धावांनी हरविले, त्या संघात बाळू व त्यांचे बंधू शिवराम होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. संघाची कामगिरी बेताचीच होती. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात 114 गडी बाद केले.

इतके होऊनही हिंदू संघाचे नायकत्व त्यांना कधी रीतसर लाभले नाही. 1920 साली त्यांना डावलल्यावर शिवराम आणि विठ्ठल हे दोघे बंधू निषेध म्हणून संघाबाहेर राहिले. तेव्हा बाळूंस उपनायक नेमण्यात आले, आणि पारशांविरुद्धच्या सामन्यात नायक पै मैदानाबाहेर गेल्यावर काही काळ सूत्रे त्यांच्या हाती आली. 1923 साली विठ्ठल नायक झाले, तोवर थोरल्या भावाचा खेळण्याचा काळ सरला होता.

निवृत्तीनंतरही त्यांचे नाव लोकांच्या ओठी होते. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 साली मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभे केले. तरुण आंबेडकर एके काळी बाळूंच्या सत्कारात पुढाकार घेणारे. डॉ. आंबेडकरांस 13,245 मते पडली, बाळूंस 11,225. 1955 च्या जुलै महिन्यात बाळू निवर्तले.