हरभऱ्यावरील मर रोग व त्याच्या रेस

फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम या जमिनीत राहणाऱ्या बुरशीच्या 'सायसेरिस' नावाच्या प्रकारामुळे हरभऱ्याला होणारा रोग. महाराष्ट्रातील शेतकरी त्याला नुसते 'मर' म्हणतात. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत हिरवी रोपे माना टाकतात. काही वाणांत मात्र झाड फुलोऱ्यापर्यंत किंवा घाटे धरेपर्यंत तग धरते आणि मग वाळते. उपटून पाहिले तर मूळ वरून धड दिसते. उभे चिरल्यावर आतल्या जलवाहिन्या काळपट तपकिरी झालेल्या आढळतात. या रोगाची खरी खूण तीच. मूळच कुजलेले असेल तर रोग वेगळा, पण शेतात या दोहोंची गल्लत फार होते.

बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू हरभरा नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत जिवंत राहतात आणि बियाण्यातूनही ती पसरते. दोन-तीन वर्षांच्या फेरपालटाने त्यामुळे शेत निर्धोक होत नाही. भिस्त राहते ती रोगप्रतिकारक वाणांवर, आणि अडचणही तेथेच आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसणाऱ्या या बुरशीच्या रेस वेगवेगळ्या असतात. कोणते वाण मरते आणि कोणते वाचते, यावरून रेस ठरते. इक्रिसॅट संस्थेतील एम. पी. हवारे आणि वाय. एल. नेने यांनी 1982 मध्ये हैदराबाद, कानपूर, गुरदासपूर व हिस्सार येथील नमुन्यांवरून भारतातील चार रेस दाखवून दिल्या. जगभरात आता आठ मानल्या जातात. त्यांपैकी दोन झाड पिवळे पाडतात, उरलेल्या झटकन मारतात. भूमध्य सागरालगतच्या रेस बहुतांशी वेगळ्या आहेत.

कुंड्यांमध्ये वाण वाढवून रेस ओळखायला आठवडे जातात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी 2001 मध्ये डीएनएमधील सूक्ष्म पुनरावृत्तींच्या आधारे भारतातील चारही रेस वेगळ्या ओळखता येतात हे दाखवले. त्यांत 1 व 4 एकमेकींच्या जवळच्या निघाल्या, 3 बरीच लांबची. स्पेनमधील अभ्यासानुसार सर्व रेसचा पूर्वज एकच असून मारकता टप्प्याटप्प्याने वाढत गेली. तरी डीएनएवरून पडणारे गट आणि मारकतेवरून पडणारे गट दरवेळी जुळतात असे नाही. म्हणून कुंडीतली चाचणी मोडीत काढणे घाईचे ठरेल.

झाडाच्या बाजूने पाहता रेस 1 विरुद्ध तीन जनुके काम करतात. त्यांपैकी एकच असेल तर मर उशिरा येते, दोन एकत्र आली की झाड वाचते. सुरुवातीला सांगितलेला लवकर-उशिराचा फरक यातूनच समजतो. 'जेजी 62' या वाणाला ही प्रतिकारशक्ती नसल्यामुळे चाचणीत तुलनेसाठी तेच लावतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'विजय' हे वाण 1994 मध्ये प्रसारित झाले. प्रतिकारक जनुकांच्या शोधासाठी 'जेजी 62'शी त्याचाच संकर करण्यात आला. पुढे राहुरीतूनच 'दिग्विजय' आले.

वाणाच्या माहितीपत्रकात बहुधा 'मर रोगास प्रतिकारक' एवढेच छापलेले असते. कोणत्या रेसला आणि कोणत्या भागातील चाचणीत, हे बियाणे घेताना विचारावे. वाण प्रतिकारक असले तरी ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची बीजप्रक्रिया टाळू नये.