भरतीचे अनुमान आणि भरतीचे प्रत्यक्ष

आजचा विषय होडीतल्या माणसाचा आहे, पण आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, तेव्हा त्याला प्रमाणशास्त्राच्या बाजूने हात घालणार आहोत.

प्रश्न साधा आहे. तांडेल खाडीच्या तोंडाशी आला आहे, समोर वाळूची पट्टी आहे. या क्षणी तिच्यावर पाणी किती? चुकला तर होडी रुतते, आणि मागून लाट आली तर उलटते.

कोकणात याचे जुने उत्तर आहे: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. भरती तिथीगणिक साधारण अठ्ठेचाळीस मिनिटे पुढे सरकते, आपण पंचेचाळीस धरतो. म्हणून पौर्णिमेला हिशेब सव्वाअकरा सांगतो आणि पाणी बाराच्या सुमाराला चढते. तोंडी हिशेबाला एवढी तफावत चालते. मात्र यातून वेळ कळते, उंची नाही. उंचीसाठी उधाण आणि भांग हे दोनच ठोकळ शब्द.

उंचीचा हिशेब एकोणिसाव्या शतकात बसला. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी भरतीची गुंतागुंत अनेक साध्या आवर्तनांत फोडली: काही चंद्राची, काही सूर्याची. पण त्यासाठी आधी मोजमाप हवे. कॅप्टन बेअर्ड यांनी 1870 च्या दशकात कच्छच्या आखातात भरतीमापक बसवले. मुंबईच्या अपोलो बंदरावरची नोंद 1878 पासूनची आहे. विहिरीसारख्या नळीत तरंगणारा गोळा आणि फिरत्या कागदावर रेघ ओढणारी पेन्सिल, एवढेच ते साधन. 1879 मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यावरून हिंदुस्थानच्या बंदरांसाठी चाकांचे आणि कप्प्यांचे यंत्र लंडनमध्ये तयार झाले. गंमत बघा, मुंबईचे पुढच्या वर्षाचे पाणी लंडनमध्ये हँडल फिरवून काढले जाई!

आता आमच्या शास्त्राकडे येऊ. न्यायसूत्रे चार प्रमाणे मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. अनुमानाचे एक प्रसिद्ध उदाहरण पाण्याचेच आहे: नदीला पूर आला, म्हणजे वर पाऊस झाला असणार. त्यावर पूर्वपक्ष विचारतो, पाणी कुठे अडल्यामुळे फुगले असेल तर? भरतीच्या कोष्टकालाही हाच प्रश्न लागू पडतो. कोष्टकाला चंद्र-सूर्य ठाऊक आहेत, आजचा वारा ठाऊक नाही. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर चढतो, आणि किनाऱ्याकडे वाहणारा वारा पाणी ढकलतो ते वेगळेच. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईसमोरून गेले. त्या दिवसाचे कोष्टक कितीतरी आधी छापून झाले होते. त्यात वादळ कुठून येणार?

इथे इतिहासाने पुन्हा वळण घेतले. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर, 2007 मध्ये, हैदराबादला 'इंकॉइस' या संस्थेत इशारा केंद्र सुरू झाले. किनाऱ्यावरचे मापक आता उपग्रहामार्फत पाण्याची उंची तिथे कळवत राहतात. मापक तेच काम करतो जे अपोलो बंदरावरचा गोळा करत होता. फरक इतकाच की नोंद साठवून पुढचे वर्ष सांगण्याऐवजी तो आत्ताचे सांगतो.

तेव्हा मोबाइलवर भरतीची सरकणारी रेघ दिसली की आधी विचारावे, हे मोजलेले आहे की काढलेले? बहुधा ते काढलेलेच असते. रेघ हलते म्हणून ती प्रत्यक्ष ठरत नाही. आणि मोजलेले असले तरी ते मापकाच्या जागचे. आपली खाडी वीस कोस दूर असेल तर तिथल्या पाण्यासाठी तेही पुन्हा अनुमानच.

म्हणून कोष्टक बघावे, वादळाचा इशारा ऐकावा, आणि धक्क्याच्या पायऱ्यांवर पाणी कुठवर आले आहे ते डोळ्यांनी पाहावे. कोष्टकापेक्षा ते वर किंवा खाली असेल, तर तेवढाच फरक वाळूच्या पट्टीवरही धरून चालावे. जुने तांडेल हे करतच आले आहेत. आम्ही त्याला फक्त न्यायशास्त्रातली नावे दिली.