पावणेदोन किलोंची खुर्ची

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी जो पाट मांडला जातो, तो आमच्या चामोर्शीच्या बाजूला बहुधा सागवानी असतो. आलापल्लीच्या रानातला साग आणि बल्लारपूरचा लाकूड-डेपो यांचे नाव दूरवर गाजलेले. तेव्हा त्यात नवल नाही. बसण्याची आपली जुनी साधने म्हणजे हा पाट, अंगणातली बाज आणि पाहुण्यांसाठी अंथरलेली सतरंजी. खुर्ची मागाहून आली, आणि आली ती कचेरीच्या वाटेने. साहेबाची म्हणून ती जड, रुंद हातांची, जागची न हलणारी. मराठीत ‘खुर्ची’ या शब्दाला सत्तेचा अर्थ चिकटला तो काही उगाच नव्हे.

खुर्चीवरचा हा भार उतरवण्याचे काम ज्यांनी मन लावून केले, त्यांत इटलीतल्या सुतारांना व रचनाकारांना मोठा मान द्यावा लागेल. या कथेचा आरंभ होतो जिनोव्हाजवळच्या किआव्हारी नावाच्या समुद्रकाठच्या गावी. १८०७ च्या सुमारास तेथील एका सरदाराने पॅरिसहून आणलेली थाटाची खुर्ची देस्काल्झी नावाच्या स्थानिक सुतारापुढे ठेवली. सुताराने तिची हुबेहूब नक्कल केली नाही. नक्षी कमी केली, पाय सडपातळ केले, बैठक विणून घेतली. अशी हलकी, काटक खुर्ची जन्माला आली आणि त्या गावाचा तो धंदाच होऊन बसला.

पुढे दीडशे वर्षांनी या गावठी खुर्चीकडे एका मोठ्या माणसाचे लक्ष गेले. जिओ पोंती (१८९१-१९७९) हा मिलानचा वास्तुविशारद. ‘दोमुस’ हे गृहरचनेचे मासिक त्याने १९२८ साली सुरू केले होते. दुसऱ्या महायुद्धात मिलान शहर बॉम्बवर्षावाने पोळून निघाले होते. नव्या घरांच्या खोल्या लहान. त्यांत राजवाडी सामान मावणार कसे? पोंतीने किआव्हारीची खुर्ची समोर ठेवली आणि मेदा गावच्या कासिना कारखान्यातील कारागिरांच्या साहाय्याने तिचे वजन आणखी उतरवत नेले. पायांचा छेद त्रिकोणी केला, जाडी जेमतेम १८ मिलिमीटर ठेवली. १९५७ साली ‘सुपरलेज्जेरा’, म्हणजे अतिहलकी, ही खुर्ची बाजारात आली. वजन अवघे १.७ किलो! लहान मुलाने एका बोटावर उचलावी अशी. ज्याने मिलानमध्ये १२७ मीटर उंचीचा पिरेल्ली मनोरा आखला, तोच माणूस खुर्चीतले चार-दोन तोळे कमी व्हावेत म्हणून वर्षानुवर्षे खपत होता. तिची बैठक ज्या वेताने विणतात, त्याला इटालियन भाषेत ‘हिंदुस्थानी वेत’ म्हणतात, हे वाचून आपल्याला गंमत वाटेल.

लाकडानंतर प्लॅस्टिकची पाळी आली. जुलिओ नाट्टा या इटालियन रसायनशास्त्रज्ञाला १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पॉलिप्रॉपिलीन हे त्याच्या संशोधनाचे फळ. १९४९ साली निघालेल्या कार्टेल कंपनीने नव्या प्लॅस्टिकांच्या बादल्या विकल्या, आणि मग खुर्च्या. १९६४ मध्ये झानुझो आणि सापर या जोडीने मुलांसाठी एकावर एक रचता येणारी खुर्ची केली. ज्यो कोलोंबोची मोठ्यांसाठीची प्लॅस्टिकची खुर्ची १९६७ साली आली. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये मासोने याने एकाच साच्यातून अखंड खुर्ची काढली. आज आपल्या लग्नमांडवात शंभरांच्या संख्येने मांडली जाते ती याच कुळातली. तिला साहेब कोण आणि शेतमजूर कोण हे कळत नाही. हा तिचा मोठाच गुण.

मार्कंड्याच्या देवळांना दगडाचे वजन शोभते. घरातल्या वस्तूला हलकेपणा शोभतो. आणि हलकेपणासाठी लागते ती लाकडाची अन् विणीची जाण. ती आपल्याकडे नाही काय? बाज विणणारे हात इथे आहेत. सूप-टोपल्या करणाऱ्या बुरुडांना कोणत्या कामाला बांबूची कोणती कांब घ्यावी हे कुणी शिकवावे लागत नाही. पण साग आणि बांबू आपल्या रानातून बहुतेक कच्चेच जातात. अयोध्येच्या मंदिरासाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून साग वाजतगाजत निघाला. त्याची दारे घडवली ती परप्रांतीच्या कारागिरांनी.

चित्र पालटते आहे, हेही सांगितले पाहिजे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा अधिकार मिळाला. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. माल आहे, हात आहेत, आता हक्कही येत आहे. किआव्हारीला याहून अधिक लाभले ते एवढेच, की गावच्या सुताराचे काम एका जाणत्या रचनाकाराने आदराने निरखले, आणि कारागिराशेजारी बसून ते पुढे नेले. बुरुडाच्या अंगणात असा कुणी विद्यार्थी येऊन बसेल, तर आपल्या बांबूची खुर्ची पावणेदोन किलोंहून जड असण्याचे कारण नाही.