ट्रोपोनिनचा अहवाल कसा वाचावा? आकड्याइतकेच महत्त्व वेळेला

छातीत कळ आलेल्या रुग्णाला दवाखान्यात नेले, रक्त तपासले आणि कागदावर ‘ट्रोपोनिन निगेटिव्ह’ असे उमटले, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पुष्कळदा तो दिलासा रास्त असतो. पण कळ येऊन तासच झाला असेल, तर तो घाईचा ठरतो. हृदयविकाराचा झटका ओळखणारी ही आजची सर्वांत भरवशाची रक्ततपासणी आहे. मात्र तिचा अर्थ आकड्याइतकाच रक्त कधी घेतले यावर ठरतो.

रक्तात काय शोधतात?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या हृद्रोहिणीत गुठळी अडकली, की त्यापुढील भागाचा प्राणवायू तुटतो. तेथील पेशी मरू लागतात आणि त्यांच्यातील प्रथिने रक्तात झिरपतात. ट्रोपोनिन हे त्यांपैकी एक. स्नायूंच्या आकुंचनाचे नियमन करणारे हे प्रथिन जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात शोधले. त्याच्या तीन घटकांपैकी ‘आय’ आणि ‘टी’ यांची हृदयातील रचना हातापायांच्या स्नायूंतील रचनेपेक्षा वेगळी असते. म्हणूनच रक्तातील त्यांची वाढ थेट हृदयाकडे बोट दाखवते.

हा टप्पा गाठायला काही दशके लागली. १९५४ मध्ये झटक्याचे निदान करण्यासाठी प्रथम ‘एसजीओटी’ हे विकर वापरले गेले. आज तीच तपासणी यकृतासाठी ओळखली जाते. पुढे ‘सीपीके’ आणि त्यातील हृदयाशी अधिक निगडित ‘सीके-एमबी’ आले. परंतु जबर मार लागला किंवा अतिश्रम झाले, तरी हे घटक वाढू शकतात. २००० साली युरोपीय व अमेरिकी हृदयरोग संस्थांनी झटक्याची नवी व्याख्या केली आणि तिच्या केंद्रस्थानी ट्रोपोनिन ठेवले.

घड्याळाशी नाते

नेहमीच्या पद्धतीने मोजलेले ट्रोपोनिन झटक्यानंतर साधारण तीन ते सहा तासांनी वाढलेले दिसू लागते, सुमारे एका दिवसात शिखर गाठते आणि आठवडा-दीड आठवडा रक्तात रेंगाळते. सीके-एमबी मात्र दोन-तीन दिवसांत पूर्ववत होते. त्यामुळे चार दिवसांपूर्वी येऊन गेलेला झटका ट्रोपोनिन दाखवू शकते, सीके-एमबी दाखवणार नाही. उलट, पहिल्या तासात दोन्ही निर्दोष दिसू शकतात.

म्हणूनच झटक्याचा संशय असेल, तर तपासणी एकदा करून थांबत नाहीत. मोठ्या रुग्णालयांतील ‘हाय-सेन्सिटिव्हिटी’ पद्धतीत पहिल्या नमुन्यानंतर एक ते तीन तासांत दुसरा नमुना घेतात; जुन्या पद्धतीत तो तीन ते सहा तासांनी घेतला जातो. लहान दवाखान्यांतील रक्ताच्या थेंबावर चालणारे कार्ड पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते. पण ते प्रामुख्याने ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते आणि अल्प प्रमाणातील वाढ त्याच्या नजरेतून सुटू शकते.

आकडा वाचताना

निरोगी लोकांपैकी ९९ टक्क्यांचे ट्रोपोनिन ज्या मर्यादेच्या आत असते, ती सीमारेषा मानतात. ट्रोपोनिन टी मोजण्याच्या हाय-सेन्सिटिव्हिटी चाचणीत ती प्रति लीटर १४ नॅनोग्रॅम आहे. ट्रोपोनिन आयसाठी ती प्रत्येक कंपनीच्या यंत्रानुसार बदलते; काही चाचण्यांत स्त्री व पुरुषांसाठीही वेगळी असते. त्यामुळे एका प्रयोगशाळेतील ‘आय’ची दुसरीकडील ‘टी’शी तुलना करता येत नाही.

एककामुळेही गोंधळ उडतो. काही अहवाल प्रति मिलिलीटर मोजतात, काही प्रति लीटर. पहिल्या अहवालात ०.०३ आणि दुसऱ्यात ३० दिसले, की आकडा हजारपट वाढला असे वाटून धडकी भरते. प्रत्यक्षात दोन्ही प्रमाणे एकच असतात.

वाढलेले ट्रोपोनिन म्हणजे हृद्रोहिणीत गुठळी असलीच पाहिजे, असे नाही. जुनाट मूत्रपिंडविकार, हृदयाच्या स्नायूचा दाह, फुप्फुसातील गुठळी, रक्तातील तीव्र जंतुसंसर्ग यांतही ते वाढते. मूत्रपिंडविकारात ते बहुधा एकाच पातळीवर वाढलेले राहते. झटक्यात दोन नमुन्यांमधील आकडा चढतो किंवा उतरतो. त्याला लक्षणांची वा ईसीजीतील बदलांची जोड मिळाली, की निदान पक्के होते.

याउलट, सर्व नमुने निर्दोष आले तर स्नायू मेलेला नाही एवढे कळते. रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत हे नव्हे. झटक्याआधीच्या अस्थिर अवस्थेत ट्रोपोनिन वाढत नाही, तरीही धोका असतो. कोलेस्टेरॉलची तपासणी पुढील काळातील जोखीम सांगते. चालू झटका ओळखण्याशी तिचा संबंध नाही.

अंतर मोठे असेल तेव्हा

या सगळ्याचा खरा कस लागतो तो मोठ्या रुग्णालयापासून दूर असलेल्या गावात. मध्य प्रदेशातील बालाघाट हे त्याचे बोलके उदाहरण. वैनगंगेकाठचा हा जिल्हा महाराष्ट्राच्या गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांना लागून आहे; तेथे मराठी बोलणारी कुटुंबेही आहेत. गोंदिया जवळ असले, तरी गंभीर आजारात अनेकांची धाव नागपूरकडे असते आणि ते बालाघाट शहरापासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर आहे. बैहर किंवा लांजी भागातील रुग्णाला तर आधी जिल्ह्याचे ठिकाण गाठण्यातच वेळ जातो.

अशा ठिकाणी रक्ताच्या अहवालाची वाट पाहणे घातक ठरू शकते. वैद्यकीय संकेत असा, की छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी दवाखान्यात येताच दहा मिनिटांच्या आत निघावा. त्या आलेखात रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याची खूण, म्हणजे ‘स्टेमी’, दिसली, तर ट्रोपोनिनसाठी न थांबता उपचार सुरू करतात. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी शक्य असेल तर ती करावी. शक्य नसेल आणि कळ सुरू होऊन बारा तास उलटले नसतील, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच देऊन मग रुग्णाला पुढे हलवावे. मेंदूतील रक्तस्रावासारखा पूर्वइतिहास असल्यास हे इंजेक्शन देता येत नाही, म्हणून निर्णय डॉक्टरांचाच. बालाघाटहून नागपूर दोन तासांत गाठून तेथे अँजिओप्लास्टी होणे अवघड; तेथील रुग्णाचे हृदय किती वाचेल, हे त्यामुळे बहुधा जवळच्या दवाखान्यातील पहिल्या तासावर ठरते.

गोव्यात ‘स्टेमी गोवा’ प्रकल्प याच तत्त्वावर उभा आहे. परिघावरील आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी दूरस्थ तज्ज्ञ वाचतात, गरजेनुसार तेथेच इंजेक्शन दिले जाते आणि रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे रवाना होतो. छोट्या राज्यात अंतरे कमी असूनही ही साखळी लागते. मग बालाघाटसारख्या विस्तीर्ण जिल्ह्यात तिची गरज किती, हे वेगळे सांगायला नको.

रुग्णाने व घरच्यांनी काय करावे?

- छातीत दाब वा आवळल्यासारखे वाटणे, कळ हात, जबडा किंवा पाठीत उतरणे, दरदरून घाम, धाप अशी लक्षणे दिसताच १०८ वर दूरध्वनी करावा. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांना कळ न येता नुसती धाप, मळमळ किंवा कमालीचा थकवाही जाणवू शकतो.
- कळ नेमकी केव्हा सुरू झाली, ती वेळ लिहून ठेवावी. डॉक्टरांना ती अहवालाइतकीच उपयोगी पडते.
- रुग्णाला खासगी प्रयोगशाळेत रक्त द्यायला नेऊ नये. जेथे ईसीजी आणि डॉक्टर दोन्ही आहेत, तेथेच न्यावे.
- पहिला अहवाल निर्दोष आला, तर ‘दुसरा नमुना कधी घेणार?’ असे विचारावे आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत घरी परतू नये.
- पुढे हलवताना ईसीजीचा कागद, ट्रोपोनिनचा अहवाल, रक्त घेतल्याची वेळ आणि दिलेल्या औषधांची चिठ्ठी सोबत द्यावी. तपासणीचे नाव व एकक त्यात असल्याची खात्री करावी.

ट्रोपोनिन झालेली हानी मोजते. ती थांबवत नाही. हानी थांबते ती रक्तवाहिनी वेळेत मोकळी झाल्याने, आणि त्यासाठी कळ सुरू होताच घराबाहेर पडावे लागते.