शुक्राणूंना स्वतःच्याच शरीरापासून कोण वाचवतं? वृषणातल्या ‘भिंती’ची गोष्ट

पुरुषाच्या शरीरात दररोज कोट्यवधी शुक्राणू तयार होतात. गंमत म्हणजे, त्याच शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा या शुक्राणूंना शत्रू समजू शकते. तसं होऊ नये म्हणून वृषणात एक सूक्ष्म भिंत असते. शास्त्रज्ञ तिला ‘रक्त-वृषण अडथळा’ म्हणतात. ही भिंत उभी राहते ती पेशींच्या सांध्यांमधल्या काही प्रथिनांच्या जोरावर. या प्रथिनांचं काम बिघडलं, तर शुक्राणूंची निर्मितीच थांबू शकते.

शुक्राणू ‘परके’ का ठरतात?

आपल्या शरीरातलं ‘आपलं’ काय आणि ‘परकं’ काय, याचे धडे रोगप्रतिकारक यंत्रणा जन्माआधीपासून आणि बालपणी गिरवते. शुक्राणू मात्र मुलगा वयात आल्यावर तयार होऊ लागतात. त्यांच्यावरची अनेक प्रथिनं शरीरात इतर कुठेच नसतात. म्हणजे पहारेकऱ्यांचं प्रशिक्षण संपल्यावर घरात नवीन माणसं राहायला आली, असा हा प्रकार. त्यामुळे त्यांना पहारेकऱ्यांच्या नजरेपासून दूर ठेवावं लागतं.

ही भिंत नेमकी कुठे असते?

वृषणात अतिशय बारीक, वेटोळ्यांच्या नळ्या असतात. शुक्राणू याच नळ्यांमध्ये तयार होतात. नळीच्या आतल्या बाजूला उंच पेशी दाटीवाटीने उभ्या असतात. इटलीच्या एन्रिको सर्टोली यांनी १८६५ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना ‘सर्टोली पेशी’ म्हणतात. वाढणाऱ्या शुक्राणूंना आधार देणं आणि त्यांचं पोषण करणं, हे यांचं काम.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून प्रयोग केले गेले. बहुतेक अवयव रंगले, पण मेंदू आणि वृषणातल्या नळ्यांचा आतला भाग कोराच राहिला. रंग अडवणारं काहीतरी तिथे आहे, हे त्यातून लक्षात आलं. पुढे १९७० मध्ये मार्टिन डिम आणि डॉन फॉसेट यांनी उंदराच्या जातीतल्या रॅटवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने अभ्यास केला. शेजारशेजारच्या सर्टोली पेशी जिथे एकमेकींना चिकटतात, तिथेच ही भिंत असते, हे त्यांनी दाखवलं.

या भिंतीमुळे नळीचे दोन कप्पे होतात. बाहेरच्या कप्प्यात मूळ पेशी असतात. त्यांना रक्तातून येणारे पदार्थ सहज मिळतात. आतल्या कप्प्यात पेशींमधल्या गुणसूत्रांची संख्या निम्मी होते आणि शुक्राणू आकाराला येतात.

भिंत घट्ट ठेवणारी प्रथिनं कोणती?

सर्टोली पेशी म्हणजे विटा मानल्या, तर प्रथिनं म्हणजे त्यांच्यातलं सिमेंट. पण हे सिमेंट एकाच प्रकारचं नाही.

- क्लॉडिन आणि ऑक्लुडिन: दोन पेशींमधली फट बंद करणारी प्रथिनं. या सांध्याला ‘टाइट जंक्शन’ म्हणतात. वृषणात क्लॉडिन-११ हे सर्वांत महत्त्वाचं.
- झेडओ-१: पेशीच्या आतून या प्रथिनांना धरून ठेवणारं आणि पेशीच्या सांगाड्याशी जोडणारं प्रथिन.
- कॅडहेरिन: एका पेशीला दुसरीशी चिकटवून ठेवणारं प्रथिन.
- कनेक्सिन-४३: दोन पेशींमध्ये बारीक बोगदे तयार करणारं प्रथिन. त्यातून पेशी एकमेकींना रासायनिक निरोप देतात.

भिंत न फोडता पेशी आत कशा जातात?

शुक्राणू व्हायचं असेल, तर पेशीला बाहेरच्या कप्प्यातून आतल्या कप्प्यात जावंच लागतं. पण तिच्यासाठी भिंत उघडली, तर रोगप्रतिकारक यंत्रणेलाही वाट मिळेल.

यावर शरीराचा उपाय प्रयोगशाळांच्या दुहेरी दारासारखा आहे. तिथे मागचं दार बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही. इथेही आत निघालेल्या पेशीच्या मागे आधी नवा सांधा तयार होतो आणि मगच तिच्यापुढचा जुना सांधा सुटतो. जुन्या सांध्यातली प्रथिनं पेशीत ओढून घेतली जातात. त्यातली काही नष्ट होतात, तर काही पुन्हा वापरली जातात. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक या कामात मोठी भूमिका बजावतं.

माणसात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि ही ये-जा अखंड सुरू असते. म्हणूनच ही भिंत सतत मोडत आणि नव्याने बांधली जात असते.

एखादं प्रथिनच नसेल तर?

याचं उत्तर उंदरांवरच्या प्रयोगांतून मिळालं. १९९९ मध्ये क्लॉडिन-११ चं जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या वृषणात टाइट जंक्शन तयारच झाली नाहीत आणि नर वांझ निघाले. दुसऱ्या प्रयोगात फक्त सर्टोली पेशींमधून कनेक्सिन-४३ काढलं, तेव्हाही शुक्राणूंची निर्मिती सुरुवातीच्या टप्प्यावरच अडली.

माणसांमध्ये वृषणाला जोराचा मार लागला, वृषणाला पीळ पडला किंवा गालगुंडामुळे सूज आली, तर या नळ्यांना इजा होऊ शकते. अशा वेळी शरीर शुक्राणूंविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं. तंबाखूच्या धुरातही आढळणारा कॅडमियम हा जड धातू ही भिंत खिळखिळी करतो, असं रॅटवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

भिंतीचा तोटाही आहे

भिंत औषधांनाही अडवते. तिथली पी-ग्लायकोप्रोटीनसारखी प्रथिनं अनेक औषधं पंपासारखी बाहेर फेकतात. त्यामुळे मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात काही वेळा कर्करोगाच्या पेशी वृषणात लपून राहतात आणि आजार उलटतो. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीनंतर बऱ्या झालेल्या काही पुरुषांच्या वीर्यात अनेक महिने विषाणू सापडत होता. वृषणाला मिळालेलं हे संरक्षण त्यामागचं एक कारण मानलं जातं.

पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी?

हे सांधे तात्पुरते सैल करता आले तर? न्यूयॉर्कमधल्या पॉप्युलेशन कौन्सिलच्या संशोधकांनी ‘ॲडजुडिन’ या रसायनावर याच कल्पनेतून काम केलं. ते मुख्य भिंतीला धक्का न लावता, सर्टोली पेशी आणि वाढणारे शुक्राणू यांच्यातला सांधा सोडवतं. त्यामुळे अर्धवट वाढलेले शुक्राणू गळून पडतात. रॅटमध्ये औषध थांबवल्यावर प्रजननक्षमता परत आली. पण प्राण्यांवरच्या एका चाचणीत काहींच्या यकृताला सूज आढळली. नेमक्या जागी परिणाम करणारं सुरक्षित औषध बनवणं, हीच यातली खरी अडचण आहे.

लक्षात काय ठेवायचं?

- वृषणात अचानक तीव्र वेदना झाल्या, तर लाजून घरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. पीळ पडला असेल, तर वृषण वाचवण्यासाठी पहिले सहा तास सर्वांत मोलाचे असतात.
- वयात आल्यानंतर गालगुंड झाले आणि वृषणाला सूज आली, तर डॉक्टरांना नक्की दाखवा. एमएमआर लस गालगुंडापासून संरक्षण देते.
- मूल होत नसेल, तर फक्त पत्नीच्या तपासण्या करून भागत नाही. कारण पुरुषातही असू शकतं आणि वीर्यतपासणी ही सर्वांत सोप्या तपासण्यांपैकी एक आहे.